धंतोलीतील एका एनआयसीयूमधील २६ दिवस

यंदाच्या मे महिन्यात आमची मुलगी ३१व्या आठवड्यात जन्मली. वजन १३४० ग्रॅम भरले आणि नागपूरच्या धंतोलीतील एका खाजगी रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात (एनआयसीयूत) तिला २६ दिवस ठेवावे लागले. पुढे तक्रारीही असल्यामुळे रुग्णालयाचे नाव देत नाही. व्हेंटिलेटर, नाकावाटे हवेचा दाब देऊन श्वासाला मदत करणारे सीपॅप, बाळाला ऊब देणारे वॉर्मर हे सारे व्यवस्थित होते. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात दोनदा वीज गेली, पण आत त्याचा पत्ताही लागला नाही. यंत्रांविषयी एवढे पुरे.

मला लिहायचे आहे ते हातांविषयी. विभागाच्या दारातच कोपराने उघडायच्या नळाचे बेसिन आहे. घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय तेथील मावशी कोणालाही आत सोडत नाहीत, मग तो डॉक्टर का असेना. पत्नीचा हिरवा चुडा उतरवायचा म्हटल्यावर माझ्या आईने बराच वाद घातला. बाळाच्या मनगटाला तिने आणलेला काळा दोराही सिस्टरांनी बांधू दिला नाही; मात्र तो फेकून न देता त्यांनी आमच्या दुधाच्या पिशवीच्या बंदाला बांधून दिला आणि म्हणाल्या, "आजी, नजर इथूनही उतरते." आईची समजूत मला दोन दिवसांत काढता आली नव्हती, ती या एका वाक्याने निघाली.

नवव्या दिवशी शेजारच्या एका बाळाच्या रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस हा जंतू, निघाला आणि सर्व बाळांच्या नाकातून स्वॅब घेतले गेले. आमच्या मुलीचा पॉझिटिव्ह आला. त्या दिवशी डॉक्टरांनी जे समजावून सांगितले, त्यासाठी मी या विभागाला सर्वाधिक गुण देईन. नाकात वा त्वचेवर जंतूची वस्ती असणे वेगळे आणि त्याने रक्तात शिरून संसर्ग करणे वेगळे. मुलगी दूध पचवत होती, ताप नव्हता, श्वास नीट होता, म्हणून तिला इंजेक्शनची गरज नव्हती. "भारी औषध सुरू करा," असा आग्रह आमच्याकडच्या मंडळींनी धरला, तो डॉक्टरांनी शांतपणे नाकारला. त्या दुसऱ्या बाळाला व्हॅन्कोमायसिन हे असेच भारी अँटिबायोटिक चालू होते, आणि त्यासाठी औषधाची रक्तातील पातळी व मूत्रपिंडांचे काम पुन्हा पुन्हा तपासावे लागत होते. असे औषध विनाकारण देण्यात शहाणपण नाही, हे तेव्हा पटले. मुलीच्या नाकात म्युपिरोसिनचे जंतुनाशक मलम लावले, पॉझिटिव्ह बाळांना एका कोपऱ्यात एकत्र आणून त्यांच्यासाठी सिस्टर, स्टेथोस्कोप आणि थर्मामीटर वेगळे ठेवले. कांगारू पद्धतीने आईच्या उराशी बाळ ठेवणे मात्र थांबवले नाही, आणि आईचे दूधही बंद केले नाही.

गंमत म्हणजे ज्या मेथिसिलिनवरून या जंतूला नाव पडले (एमआरएसएमधला 'एम' त्याचाच), ते औषध आता वापरातच नाही. ते १९५९ मध्ये आले आणि १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये त्याला दाद न देणारे जंतू सापडलेही. औषध जंतूच्या ज्या प्रथिनाला चिकटून त्याच्या पेशीभित्तिकेचे, म्हणजे बाहेरच्या आवरणाचे, बांधकाम अडवते, त्याच्या जागी हा जंतू औषध नीट चिकटत नाही असे दुसरेच प्रथिन बनवतो. त्यामुळे क्लोक्सासिलिनसारखी त्याच जातीची औषधेही निष्प्रभ ठरतात. तो एका बाळाकडून दुसऱ्याकडे जातो तो बहुतेक करून माणसांच्या हातांवरून.

म्हणूनच माझी पहिली तक्रार रात्रपाळीची आहे. एका शनिवारी रात्री दोन वाजता दूध द्यायला गेलो, तेव्हा आठ बाळांमागे दोनच सिस्टर होत्या. अलार्म वाजला की एका पेटीवरून दुसरीकडे धाव, आणि त्या धावपळीत सॅनिटायझर चोळण्याचे २०-३० सेकंद वगळले जात होते. आमच्या पेटीच्या पायथ्याची बाटली तर रिकामीच होती. दोनदा दाबली, नुसती हवा आली. दोष त्या दोघींचा नव्हे, पाळी लावणाऱ्यांचा आहे. सकाळी प्रमुख डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी सबब सांगितली नाही आणि सोमवारपासून रात्री तिसरी सिस्टर दिसू लागली.

दुसरी तक्रार अशी की स्वॅबचा निकाल प्रयोगशाळेतून आल्यानंतर दीड दिवसाने आम्हाला कळला, आणि तोही आम्ही विचारल्यावर. बिलात "इतर साहित्य" या एका ओळीत मोठी रक्कम होती. तपशील मागितल्यावर मिळाला आणि त्यात चूक नव्हती, पण तो आधीच जोडता आला असता.

घरी सोडले त्या दिवशी मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर वजन, लसी, डोळ्यांच्या तपासणीची तारीख सारे होते, एमआरएसएचा उल्लेख नव्हता. पुढे कधी मुलीला ताप आला, तर कोणते अँटिबायोटिक निवडायचे यासाठी दुसऱ्या डॉक्टरला हीच माहिती लागणार. काउंटरवर पाऊण तास थांबून मी ती ओळ हाताने लिहून घेतली आणि खाली शिक्का मारून घेतला.