फायबरसोबत येणारा फुकटचा डबा: यंत्र बरं, आतलं सॉफ्टवेअर बेवारस

दर्यापूरकडे जा की आर्वीकडे, फायबर आलेल्या घरात एकाच जातीचा डबा दिसतो. पांढरा, दोन नाहीतर चार अँटेनांचा, मागे हिरव्या टोकाची बारीक वायर. वरचं स्टिकर कंपनीगणिक बदलतं, आतली चिप मोजक्याच कारखान्यांची असते. म्हणून हा रिव्ह्यू कोण्या एका ब्रँडचा नसून या जातीचा आहे: कनेक्शनसोबत ‘फुकट’ मिळणारा ड्युअल बँड जीपॉन ओएनटी, म्हणजे फायबरचा मोडेम आणि वायफाय राउटर एकाच पेटीत. निकाल आधीच सांगतो. यंत्राला पाचपैकी साडेतीन. सॉफ्टवेअरला दीड, आणि त्यातलाही अर्धा लोडशेडिंगच्या पुण्याईचा.

वेगाबद्दल तक्रार नाही. जीपॉनची (एकच फायबर अनेक घरांत वाटायच्या पद्धतीची) वाट खाली २.४८८ गिगाबिट आणि वर १.२४४ गिगाबिटची असते, ती एका स्प्लिटरवरच्या, म्हणजे फाटे फोडणाऱ्या पेटीवरच्या, सगळ्या घरांत वाटली जाते. गावातले प्लॅन त्यामानाने लहान, त्यामुळे डब्याला घाम फुटत नाही. एकच पाहायचं: स्वस्त मॉडेलमध्ये चार लॅन पोर्टांपैकी एकच गिगाबिटचा असतो, बाकीचे १०० मेगाबिटचे. सेवा केंद्र चालवत असाल तर मुख्य कॉम्प्युटर त्या एकात लावा. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दीड फुटी मातीच्या भिंतीपलीकडे जात नाही, तिथे २.४ वरच राहा. चॅनल १, ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ.

खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यात. या डब्यांच्या माहितीपत्रकात कामाचं तापमान बहुधा ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि टिनाखालच्या खोलीचं तर बोलूच नका. चिप तापली की आधी वायफाय अडखळतं. लॅनच्या वायरीवर नेट चालू, मोबाइलवर मात्र गोल गोल फिरत राहतं. असं झालं की कंपनीला फोन लावण्याआधी डब्याला हात लावून पाहा. तो छतापासून दूर, भिंतीवर उभा, जाळीची बाजू मोकळी ठेवून लावायचा. फ्रिजवर ठेवायचा नाही, वर रुमाल तर मुळीच टाकायचा नाही.

बंद पडतो तो बहुतेक वेळा डबा नसतोच, अ‍ॅडॉप्टर असतो. आतला कपॅसिटर सुकला की मल्टिमीटर बिनलोड १२ व्होल्ट बरोबर दाखवतो, पण वायफायवर चार मोबाइल चढले की व्होल्टेज खाली बसतं आणि डबा रीस्टार्ट घेतो. तपासायचं तर लोड जोडूनच. नवा घेताना जुन्यावरचे व्होल्ट तेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, कमी नाही. पिनची जाडीही पाहा, ५.५ बाय २.१ आणि ५.५ बाय २.५ मिलिमीटर बाहेरून सारख्याच दिसतात. डीपीवर न्यूट्रल तुटला तर घरात २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. तेव्हा वाचेल तर अ‍ॅडॉप्टरच्या आधी लावलेला व्होल्टेज कट-ऑफ वाचवेल, साधा स्पाइक बोर्ड नाही.

मिनी यूपीएस घ्यावाच, पण खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. ‘८८०० एमएएच’ हे ३.७ व्होल्टच्या सेलचं माप आहे, म्हणजे साडेबत्तीस वॉट-तास. डबा ८ ते १० वॉट खातो, व्होल्टेज वाढवण्यात थोडं जातं, हिशोब तीन तासांच्या आसपास येतो, तोही सेल खरे असतील तर. शिवाय मधला स्प्लिटर बिनविजेचा असला तरी पलीकडच्या टोकाचं ओएलटी, म्हणजे कंपनीकडचं मुख्य यंत्र, विजेवरच चालतं. तिथली बॅटरी मेलेली असेल तर तुमचा यूपीएस फक्त लाल एलओएस (सिग्नल नाही) दिवा पेटता ठेवायच्या कामाचा.

फायबरचं आरोग्य डब्यातच दिसतं, कोणाला विचारायची गरज नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ (किंवा स्टिकरवर असेल तो पत्ता) उघडा, स्टेटसखाली ऑप्टिकल माहिती असते. आरएक्स पॉवर (डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर बिनघोर. नेहमीच्या बी-प्लस वर्गाच्या उपकरणाची हद्द उणे २७. उणे २६ वर चालणारं कनेक्शन पावसाळ्यात रुसणार हे धरून चाला. कनेक्शन जोडलं त्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा. पुढे तो एकदम चार-पाच डेसिबलने घसरला तर दोष तुमच्या घरातला किंवा गल्लीतला: खिडकीच्या चौकटीत चेपलेली वायर, करंगळीएवढ्या गोलात गुंडाळलेलं वेटोळं, नाहीतर हिरव्या तिरक्या टोकाला जोडलेलं निळं सरळ टोक. सिग्नल एकदम गेलाच तर बाहेर जाऊन खांब पाहा. कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघाल्या किंवा कुटाराची गाडी उंच भरली की खाली लोंबणारी वायर आधी जाते. उरलेलं काम वानरं करतात.

आता दीड गुणाचं सॉफ्टवेअर. लॉगिनच्या पानावर एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, पान परत लोड करा आणि उत्तराच्या हेडरमध्ये ‘सर्व्हर’ची ओळ शोधा. बऱ्याच डब्यांत तिथे ‘बोआ’ सापडतं. या छोट्या वेब सर्व्हरचं काम २००५ मध्ये थांबलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने भारतातल्या वीज क्षेत्रावरच्या हल्ल्यांचा माग काढताना याच बोआवर बोट ठेवलं: चिप कंपन्यांच्या तयार सॉफ्टवेअर संचातून ते राउटरमध्ये आणि कॅमेऱ्यांत अजून जातं. चिपवाला संच देतो, डबेवाला रंग चढवतो, नेटवाला स्टिकर लावतो. भोक सापडलं तर बुजवायचं कोणी? तिघंही एकमेकांकडे पाहतात. प्रोग्रामर लोक या बातमीवर हसले, कारण त्यांच्या स्वतःच्या घरातल्या डब्यातही तेच निघालं.

त्याहून जुना विनोद मे २०१८ चा. व्हीपीएनफिल्टर नावाच्या किड्याने (घुसखोर प्रोग्रामने) ५४ देशांतले किमान पाच लाख राउटर धरले, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना सांगितलं, राउटर एकदा बंद करून चालू करा. आपल्याकडे हे काम लाइन रोज करते, तेही दिवसातून दोनदा, फुकट! पण हसून झाल्यावर कारण समजून घ्या. त्या किड्याचा पहिला टप्पा फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी न पुसणाऱ्या जागेत) बसायचा आणि रीस्टार्टनंतरही राहायचा. जायचे ते दुसरा आणि तिसरा. २०१६ चा मिराय नावाचा किडा मात्र फक्त मेमरीत राहायचा, लाइन गेली की साफ. तरी पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत घुसायचा. घुसण्यासाठी त्याच्याकडे काही हुकमी हत्यार नव्हतं, कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती. तेवढ्यावर धरलेल्या यंत्रांनी मागण्यांचा पूर लोटला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट काही तास आडव्या झाल्या. त्याच जातीतल्या ऐसुरू नावाच्या, धरलेल्या यंत्रांच्या टोळक्याचा २९.७ टेराबिट प्रतिसेकंदाचा हल्ला अडवल्याचं क्लाउडफ्लेअर या साइटांना हल्ल्यांपासून वाचवणाऱ्या कंपनीने २०२५ मध्ये सांगितलं.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या डब्यांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकणं कायद्याने बंद झालं. आपल्याकडे कनेक्शन जोडायला तालुक्यावरून आलेला पोरगा वायफायचा पासवर्ड म्हणून मालकाचा मोबाइल नंबर टाकून जातो. तोच नंबर कृषी केंद्राच्या पाटीवर हातभर अक्षरात रंगवलेला असतो. पाटी नसली तरी फरक नाही: ६ ते ९ ने सुरू होणारे दहा अंक म्हणजे चारशे कोटी शक्यता, चांगल्या ग्राफिक कार्डावर तासाभराचं काम.

तेव्हा पोरगा जिन्याखाली उतरायच्या आत अर्धा तास काढा. आधी त्याच्याकडून नेट जोडायला लागणारं पीपीपीओईचं नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी लिहून घ्या. नंतर कधी रीसेटच्या भोकात पिन घातली तर हे सगळं पुसलं जाऊ शकतं, आणि तो परत येईपर्यंत गावचं सेवा केंद्र बंद. मग अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. वायफायला कुलूप डब्ल्यूपीए२, एईएस जातीचं. ‘टीकेआयपी’ हे जुनं, कच्चं कुलूप दिसलं तर काढा. डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवता येतं, पण जुना प्रिंटर रुसला तर मागे या. पासवर्ड चार बिनसंबंधी मराठी शब्द रोमनमध्ये जोडून करा, मोबाइलवर टाइप करता आला पाहिजे. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद. त्याचा पिन आठ अंकी दिसतो, पण तपासणी दोन तुकड्यांत होते आणि शेवटचा अंक हिशोबाचा, म्हणून फार तर ११,००० प्रयत्न. हे २०११ पासून जगजाहीर आहे आणि बटण अजून चालूच येतं. यूपीएनपी (घरातल्या यंत्राला आपोआप बाहेरचं दार उघडू देणारी सोय) बंद. वॅनकडून (बाहेरच्या इंटरनेटच्या बाजूने) डब्यात शिरायची एचटीटीपी, टेलनेट, एसएसएच ही दारं बंद. गिऱ्हाइकांना आणि कॅमेऱ्यांना गेस्ट नेटवर्क.

दोन गोष्टी तुमच्या हातात नाहीत. एक, टीआर-०६९: कंपनी याच वाटेने डब्यात दुरून बदल करते. ते बहुधा बंद करता येत नाही, आणि सेवा हवी तर करूही नये. पण कंपनीने सेटिंग ढकलली की डब्ल्यूपीएस परत चालू झालेलं सापडतं, म्हणून महिन्यातून एकदा डोकावा. दुसरं, कंपनीचं वेगळं अ‍ॅडमिन खातं. त्याचा पासवर्ड गिऱ्हाइकाला सांगत नाहीत; इंटरनेटवर मात्र मॉडेलचं नाव टाकलं की सापडतो. वॅनकडची दारं बंद करायची ती यासाठीच. दुसरीकडून उतरवलेलं फर्मवेअर (डब्याचं मूळ सॉफ्टवेअर) चढवू नका, कंपनी डबा ओळखते तो जीपॉनचा सिरियल गेला की डबा विटेच्या भावात.

नशिबाने समोरून येणाऱ्यांना एक भिंत आडवी आहे. स्टेटसमध्ये वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं. कॅमेरेवाला ‘पोर्ट फॉरवर्ड होत नाही, स्टॅटिक आयपी (स्वतःचा कायमचा पत्ता) घ्या’ म्हणतो ते यामुळेच. घेऊ नका. जुनं फर्मवेअर असलेला डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) उघड्या इंटरनेटवर ठेवण्यासाठी वरून पैसे कायले द्यायचे? मात्र आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर ही भिंत त्या बाजूला नसते, प्रत्येक यंत्राला आपला सार्वजनिक पत्ता मिळतो. आयपीव्ही६चं फायरवॉल चालू आहे का ते वेगळं पाहा. काही डब्यांत ते दुसऱ्याच पानावर असतं आणि बंद असतं.

आणि चोर आतच बसला असेल तर फायरवॉल काय करणार. जून २०२५ मध्ये एफबीआयने बॅडबॉक्स २.० बद्दल इशारा दिला: स्वस्त, बिननावाचे अँड्रॉइड टीव्ही बॉक्स कारखान्यातूनच किंवा पहिल्या सेटिंगच्या वेळी किडा घेऊन येतात आणि तुमचं कनेक्शन परक्याला भाड्याने देतात. पुढच्याच महिन्यात गूगलने कोर्टात एक कोटीहून जास्त यंत्रांचा आकडा दिला. सगळे चॅनल फुकट दाखवणारा, प्ले प्रोटेक्ट (गूगलची अ‍ॅप तपासणी) बंद करायला सांगणारा बॉक्स घरात असेल तर तो काढाच. निदान काढेपर्यंत तरी गेस्टवर टाका, आधार-बँकेचं काम चालतं त्या नेटवर्कवर नको.

सेवा केंद्र किंवा पतसंस्था असेल तर डबा ब्रिज मोडवर (तो फक्त मोडेमचं काम करेल असा) टाकून पुढे स्वतःचा राउटर लावणं सगळ्यात चांगलं. घेताना त्याचं अपडेट किती वर्षं येणार ते पाहा, नाहीतर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं, मोफत सॉफ्टवेअर चालणारं मॉडेल निवडा. किमान १२८ मेगाबाइट रॅम आणि १६ मेगाबाइट फ्लॅश हवी. ब्रिज मोड बऱ्याच कंपन्या फोनवरून करून देतात, पण ‘ब्रिज’ हा शब्द वापरून मागावा लागतो. साध्या घराला इतका खर्च नको, वरचा अर्धा तास पुरे.

सेटिंगची बॅकअप फाइल काढलीत तर ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, पुष्कळ डब्यांत आतले पासवर्ड उघडे किंवा नावापुरते झाकलेले असतात. कनेक्शन तोडताना हा ‘फुकट’ डबा परत मागतात, अ‍ॅडॉप्टरसकट. देण्याआधी फॅक्टरी रीसेट करा, स्टिकरवरच्या सिरियलचा फोटो काढा आणि पावती लिहून घ्या. पावती नसली तर डिपॉझिट अडकतं.