पावसाळा काढल्यावर लिहितेय: जुन्या टू बीएचकेच्या नूतनीकरणाचा अनुभव

कोथरूडमधल्या आमच्या पस्तीसेक वर्षं जुन्या इमारतीतला फ्लॅट गेल्या हिवाळ्यात आतून पूर्ण नवा केला. सगळं काम एकाच कंपनीला न देता लेबर रेटवर दिलं, म्हणजे मजुरी ठरवून आणि माल आमचा. काम संपतं त्या दिवशी कुठलंही घर छानच दिसतं, म्हणून उन्हाळा आणि अख्खा पावसाळा जाईपर्यंत थांबले.

सगळ्यात जास्त समाधान बाथरूमचं आहे. जुना कोबा (फरशीखालचा काँक्रीटचा थर) पार स्लॅबपर्यंत काढला, पाइपांभोवतीची भोकं भरून घेतली, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवर फूटभर वर चढवून. न्हाणी ट्रॅप, म्हणजे पाणी वाहून जायचं जाळीचं तोंड, बंद करून पाणी भरून ठेवलं. चोवीस तास बास असं मिस्त्री म्हणत होता, आम्ही तीन दिवस धरून बसलो. खालच्या काकूंच्या छताला रोज हात लावून बघायचे. दुसऱ्या दिवशी कमोडच्या पाइपाजवळ हाताला गार, दमट लागलं. तेवढा भाग उकलून पुन्हा केला, पुन्हा पाणी भरलं आणि छत कोरडं राहिल्यावरच टाइल्सना हात लावू दिला. यंदाच्या पावसातही काकूंच्या छतावर डाग नाही. वेळापत्रकात या चाचणीसाठी आठवडा मोकळा सोडाच.

कामाचा क्रम मिस्त्रीला पाठ असतो: तोडफोड, प्लंबिंग, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, पीओपी, सुतारकाम, रंग. काम अडतं ते आपल्या निर्णयांपायी. शॉवरचा डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा कॉक) भिंतीत गाडला जातो, म्हणून तो प्लंबरच्या आधी घरात हवा. शेगडीचं माप ग्रॅनाइट कापण्याआधी, एसीची जागा वायरिंगच्या आधी ठरलेली हवी. मी वहीत प्रत्येक वस्तूपुढे ती कधी लागणार यापेक्षा तिचा निर्णय कधीपर्यंत व्हायला हवा ते लिहीत गेले. त्या वहीमुळे माणसं रिकामी बसली असं फारसं झालं नाही. सोसायटीत दुपारी एक ते चार ठोकाठोकी बंद, त्यामुळे टाइल कापणं सकाळी आणि प्रायमर, पुट्टी दुपारी, अशीही आखणी करावी लागते. राडारोड्याच्या गोण्या रोज संध्याकाळी उचलल्या तर शेजारी सांभाळून घेतात.

वायरमनने भिंतींना झिऱ्या मारून पाइप टाकले, तेव्हा प्लास्टर व्हायच्या आत प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढला. जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती, सगळं दिसतं. परवा वॉटर प्युरिफायर बसवायला आलेल्या मुलाने ड्रिल लावण्याआधी तो फोटो बघितला आणि भोक चार इंच डावीकडे घेतलं, कारण ठरवलेल्या जागेमागून गीझरची लाइन जात होती. गीझर आणि एसीला चार स्क्वेअर एमएमची वायर, साध्या प्लगला अडीच, आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. यात काटकसर करू नका.

किचनला आयएस 710 या भारतीय मानकाचा छाप असलेला प्लाय वापरला. 72 तास उकळत्या पाण्यात टिकेल असा हा ग्रेड, महाग आहेच. सिंकखालची ट्रॉली पावसाळ्यातही फुगली नाही. बेडरूमच्या कपाटांना मात्र आयएस 303, म्हणजे सर्वसाधारण वापराचा प्लाय, पुरेसा झाला, तिथे पैसे वाचले. प्रत्येक शीटवरचा छाप सुतार कापायच्या आधी बघा, नंतर लॅमिनेटखाली काय आहे कोणाला कळणार?

टाइल्सचा त्रास मात्र झाला. कमी पडल्या म्हणून त्याच दुकानातून त्याच नंबरच्या मागवल्या, आल्या त्या एक छटा पिवळसर. खोक्यावरचा बॅच नंबर वेगळा होता. दुकानदाराने बदलून द्यायला नकार दिला. त्या टाइल्स शेवटी माळ्याखाली फ्रिजमागे लावल्या. दहा टक्के जास्त आणि एकाच बॅचच्या घ्या.

पैसे टप्प्याटप्प्याने दिले आणि शेवटचे दहा टक्के राहायला आल्यावर दोन महिन्यांनी. त्याच काळात दोन शटर खाली आली, बिजागऱ्या घट्ट करायला सुतार लगेच आला. लेखी करारात हे आधीच घातलं होतं, त्यामुळे वाद झाला नाही.

पसंत न पडलेली गोष्ट म्हणजे मॅट काळं लॅमिनेट. बोटांचे तेलकट ठसे त्यावर रोज उमटतात आणि ओल्या फडक्याने पुसलं तर ओरखड्यांसारखे पट्टे राहतात. हॉलमध्ये चालेल, स्वयंपाकघरात नको. गॅलरीचं काम अजून बाकी आहे. ते फेब्रुवारीत काढणार, कारण त्याच्या उताराची आणि पाण्याची चाचणी पावसाआधी उरकायला हवी.