राणीची बाग की बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान : मुंबईतला एक दिवस कोठे घालवावा?

सुट्टीत मुलाबाळांसह मुंबईला येणाऱ्या आणि मुंबईतच राहून रविवारचा बेत आखणाऱ्या अनेक कुटुंबांपुढे हा प्रश्न येतो आणि त्याचे ठरावीक उत्तरही लगेच मिळते : प्राणी पाहायचे असतील तर भायखळ्याची राणीची बाग, जंगल पाहायचे असेल तर बोरिवलीचे नॅशनल पार्क. या उत्तरात तथ्य आहे; परंतु त्यावर विसंबून गेलेली बहुतेक मंडळी दोन्हीकडची सर्वांत मोलाची गोष्ट न पाहताच परत येतात, असे माझे निरीक्षण आहे. राणीच्या बागेच्या आवारात डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय आहे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात कान्हेरीची लेणी आहेत. या दोहोंना तुलनेत मध्यवर्ती स्थान दिले, की निवड पुष्कळ सोपी होते. मग उरतात ते पाय, वेळ आणि ऋतू.

आकारातला फरक प्रथम ध्यानात घ्यावा, कारण बेत फसतात ते बहुधा येथेच. राणीची बाग सुमारे पन्नास एकरांची आहे. राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे, म्हणजे पंचवीस हजार एकरांहून मोठे असून ते मुंबई उपनगर आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत पसरले आहे. बागेत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला लहान मूलही चालत जाते. उद्यानात मात्र मुख्य प्रवेशद्वारापासून लेण्यांपर्यंतच सहा-सात किलोमीटरचे अंतर आहे आणि ते चढाचे आहे. ‘दुपारी दोन-तीन तास जाऊन येऊ’ हा बेत भायखळ्याला जमतो, बोरिवलीला जमत नाही.

राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. पश्चिम भारतातील कृषी व उद्यानविद्येच्या प्रसारासाठी स्थापन झालेल्या संस्थेने ती वनस्पतींचे उद्यान म्हणून उभी केली, १८७३ पासून ती महानगरपालिकेकडे आली आणि प्राण्यांसाठी तिची ख्याती झाली ती नंतर. व्हिक्टोरिया राणीच्या नावाची ही बाग आज अधिकृतपणे वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय म्हणून ओळखली जाते. मात्र टॅक्सीवाल्याला एवढे नाव सांगण्याची गरज नाही, ‘राणीबाग’ म्हटले की पुरते. वनस्पती उद्यान हे बागेचे मूळ आजही झाडांत दिसते. आफ्रिकेतला गोरखचिंच, खोडालाच फुले-फळे लागणारा कैलासपती, लालभडक फुलांचे घोस खाली लोंबवणारी ब्रह्मदेशची उर्वशी अशी झाडे शहराच्या ऐन मध्यावर पाहायला मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हे. प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्विकासाच्या आराखड्यांमुळे या झाडांना धोका पोहोचेल म्हणून मुंबईतील नागरिकांनी चिकाटीने पाठपुरावा केला होता, तो उगाच नव्हे. तरीही पेंग्विनच्या रांगेत उभ्या असलेल्या शंभरांपैकी किती जण मान वर करून झाडाकडे पाहतात, हा प्रश्नच आहे.

पेंग्विनांविषयी सांगायलाच हवे, कारण मुलांचा हट्ट तेवढ्यासाठीच असतो. दक्षिण अमेरिकेच्या पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर राहणारे हे हम्बोल्ट पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातून आणले गेले आणि मार्च २०१७ पासून लोकांना पाहायला खुले झाले. थंड केलेल्या दालनात काचेपलीकडे ते पोहताना दिसतात आणि मुले हरखून जातात, हे खरे. मात्र सुट्टीच्या दिवशी रांग मोठी असते आणि प्रत्यक्ष काचेपुढे उभे राहायला मिळणारा वेळ थोडा. पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात आत शिरून चालता येते, ते मला पेंग्विनांपेक्षा अधिक समाधानकारक वाटते.

वस्तुसंग्रहालयाचे तिकीट बागेच्या तिकिटाहून वेगळे असते, आणि बहुधा त्यामुळेच पुष्कळ लोक ते टाळतात. हे मुंबईतले सर्वांत जुने वस्तुसंग्रहालय १८७२ साली ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने उघडले. त्याच्या उभारणीसाठी झटलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव त्याला १९७५ साली देण्यात आले. मधल्या काळात दुरवस्थेला गेलेल्या या वास्तूचा जीर्णोद्धार महानगरपालिका, वारसा-जतनाचे काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून केला, त्याला २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च वारसा-जतन पुरस्कार मिळाला आणि २००८ साली ते पुन्हा खुले झाले. आत पाऊल टाकताच ओतीव लोखंडाचे उंच खांब, सोनेरी वर्ख दिलेली नक्षी आणि रंगीत फरशी समोर येते. पण खरी गंमत कपाटांत आहे. एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे व्यवसाय, पेहराव, पगड्या आणि जातीजमाती दाखवणाऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती तेथे ओळीने मांडलेल्या आहेत. एकेका पगडीची घडी, एकेका लुगड्याचा काठ इतका बारकाईने केला आहे, की आजीने नातवाला हात धरून ‘ही बघ, आमच्याकडे अशी नेसत’ म्हणावे. सात बेटांचे शहर कसे झाले ते सांगणारे नकाशे आणि प्रतिकृती वरच्या मजल्यावर आहेत. शाळकरी मुलांना त्यांचा पुस्तकातल्या धड्यापेक्षा अधिक उपयोग होतो.

संग्रहालयाबाहेर उभा असलेला दगडी हत्ती चुकवू नये. ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी घारापुरीला ‘एलिफंटा’ म्हटले, तो हाच. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना यारी (क्रेन) तुटली, हत्तीचे तुकडे झाले आणि त्यामुळेच तो येथे राहिला. १९१४ साली ते तुकडे जोडून तो पुन्हा उभा करण्यात आला. फोर्टमधल्या काळा घोडा चौकाला ज्याच्यामुळे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही १९६५ पासून याच आवारात आहे. शहराने नको म्हटलेल्या आणि टाकूनही न दिलेल्या वस्तूंचे हे कोठार आहे, असे म्हटले तर चालेल.

आता बोरिवली. कृष्णगिरी, बोरिवली आणि १९९६ पासून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान अशी नावे बदलत आलेले हे जंगल सव्वा कोटींहून अधिक वस्तीच्या महानगराला खेटून आहे. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे मुंबईच्या पाणीपुरवठ्याचे दोन जुने तलाव त्याच्या आत आहेत. जंगल टिकण्याचे एक मोठे कारण हे पाणलोट क्षेत्रच आहे. बिबटे येथे मोकळे वावरतात, मात्र दिवसा गर्दीच्या रस्त्यावर ते दिसतील अशी आशा धरू नये. वाघ-सिंहांची सफारी म्हणून जी आहे, ती कुंपणातल्या प्राण्यांची जाळीच्या गाडीतून केलेली फेरी असते. ताडोबा पाहून आलेल्याला ती फिकी वाटेल आणि रांगेत गेलेला वेळ वाया गेला असे वाटण्याचा संभव अधिक. ‘वनराणी’ ही मुलांची छोटी आगगाडी मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळात रुळांचे नुकसान झाल्याने बंद पडली होती. केवळ तिच्यासाठी जाणार असाल, तर निघण्यापूर्वी चौकशी करावी.

सफारी आणि नौकाविहार यांत सकाळ घालवून ऐन दुपारी कान्हेरीकडे वळणे हा येथला नेहमीचा चुकीचा क्रम आहे. तो उलटा करावा : उद्यानात शिरल्याबरोबर बस किंवा भाड्याची सायकल घेऊन आधी लेणी गाठावीत, उन्हे चढण्यापूर्वी वरचे टप्पे पाहून घ्यावेत आणि वेळ उरला तर बाकीचे. काळ्या पाषाणात खोदलेली ही शंभराहून अधिक लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे वापरात होती. सोपारा आणि कल्याण या बंदरांच्या व्यापारी मार्गाजवळ हा बौद्ध विहार, म्हणजे भिक्षूंचा मठ, वाढला, आणि दान देणाऱ्यांत व्यापारी ठळकपणे दिसतात. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचे लेणे, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातले. त्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती आहेत, त्या नंतरच्या काळात कोरल्या गेल्या. आतील खांबांच्या रांगांत काही खांब पूर्ण घडवलेले तर काही साधे अष्टकोनी सोडलेले दिसतात. काम मध्येच थांबल्याचे हे चिन्ह मुलांना दाखवले, तर ती पुढच्या प्रत्येक लेण्यात अर्धवट राहिलेला दगड शोधू लागतात.

मला स्वतःला कान्हेरीत सर्वाधिक विचार करायला लावते ती पाण्याची व्यवस्था. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी एका बाजूला पोढी, म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके आहे. वरच्या कातळावर पडणारा पाऊस ओंजळीएवढ्या रुंदीच्या खोदीव पन्हळींतून उतरत त्यात येतो. एका लेण्याच्या कातळावरून पुढच्या पोढीकडे जाणारी पन्हळ बोटाने दाखवत खाली उतरावे, पायऱ्याही त्याच खडकात कोरलेल्या आहेत. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर उंच कड्यावर पाण्याचा थेंब नसताना शेकडो भिक्षूंनी येथे कसे राहायचे, याचे उत्तर त्या पन्हळीत मिळते. आणखी वर चढण्याची तयारी असेल त्याने ९० क्रमांकाचे लेणे पाहावे : तेथे इराणहून आलेल्या पारशी प्रवाशांनी इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये पहलवी लिपीत कोरलेली आपली नावे आहेत. ‘अमुक आला होता’ असे भिंतीवर लिहिण्याची खोड किती जुनी आहे हे कळते, पण अनुकरण करू नये.

उद्यानात वारली आणि अन्य आदिवासींचे पाडे आहेत. हंगामात लेण्यांच्या वाटेवर करवंदे, जांभळे, कैरी, मीठ लावलेली काकडी विकायला बसतात त्या बहुधा याच पाड्यांतल्या बायका. त्यांच्याकडून अवश्य घ्यावे, मात्र हातात उघडी पिशवी ठेवून पायऱ्या चढू नये; कान्हेरीची माकडे पिशवीच्या आवाजावरून खाऊ ओळखतात आणि मुलांच्या हातातून हिसकावून नेतात.

ऋतूंबाबत दोन्ही ठिकाणांचा हिशेब पूर्णपणे निराळा आहे. पावसाळ्यात कान्हेरीचे रूप सर्वांत देखणे असते, दरीतून ओढे वाहू लागतात आणि पन्हळी खरोखरच काम करताना दिसतात. पण पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात आणि ओढ्यात उतरण्याचा मोह जिवावर बेततो, म्हणून लहान मुले किंवा वृद्ध सोबत असतील तर जुलै-ऑगस्ट टाळावे. एप्रिल-मेमध्ये कातळ इतका तापतो, की दहा वाजल्यानंतर चढणे ही शिक्षाच होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांना सोयीचा. राणीची बाग याउलट बारमाही आहे. मोठ्या झाडांची सावली आहे, जमीन सपाट आहे, आणि पाऊस आलाच तर संग्रहालयात शिरता येते. कारवीचा बहर पाहण्यासाठी बोरिवलीला जायचे म्हणणाऱ्यांना थांबावे लागेल : सात-आठ वर्षांनी फुलणारी ही वनस्पती तेथे २०१६ आणि २०२४ साली फुलली, म्हणजे पुढची वेळ २०३२ च्या सुमारास.

खर्चात राणीची बाग स्वस्त पडते. गेली काही वर्षे प्रौढांना ५० रुपये, लहान मुलांना २५ रुपये आणि आई-वडील व दोन मुलांच्या कुटुंबाला एकत्रित १०० रुपये असा दर आहे. राष्ट्रीय उद्यानात प्रवेशशुल्क, बसभाडे, सफारीचे तिकीट असे वेगवेगळे पैसे मोजावे लागतात आणि कान्हेरीसाठी पुरातत्त्व विभागाचे २५ रुपयांचे तिकीट निराळे असते, जे पंधरा वर्षांखालील मुलांना लागत नाही. चौघांचा दिवसभराचा खर्च म्हणून बोरिवलीला बराच अधिक होतो, पण दिवसही पूर्ण भरतो.

सहा-सात वर्षांखालचे मूल, बाबागाडी, गुडघे दुखणारे आजी-आजोबा किंवा हाती फक्त अर्धा दिवस, यांपैकी काहीही असेल तर राणीची बाग निवडावी आणि त्यातला किमान दीड तास वस्तुसंग्रहालयासाठी राखावा. दहा वर्षांपुढची मुले आणि चालणारी माणसे असतील, दिवस मोकळा असेल आणि थंडीचे दिवस असतील, तर मी बिनदिक्कत कान्हेरी म्हणेन. आजी-आजोबांना लेणी पाहायचीच असतील तर निराश होण्याचे कारण नाही : पहिली तीन लेणी तिकीटखिडकीपासून थोड्याच पायऱ्यांवर आहेत, आणि ती पाहून सावलीत बसले तरी येणे सार्थकी लागते. केवळ वाघ पाहण्यासाठी मात्र दोन्हीकडे जाऊ नये. त्यासाठी विदर्भ आहे.

येण्याजाण्याबद्दल एवढेच, की पुणे-नाशिककडून दादरला उतरणाऱ्यांना भायखळा जवळ पडते, स्थानकाच्या पूर्वेकडून चालत दहा मिनिटांत बाग येते, आणि भायखळा स्थानकाची जीर्णोद्धार झालेली जुनी इमारत जाता-जाता पाहून होते. गुजरात, वसई-पालघरकडून येणाऱ्यांना बोरिवली सोयीचे, तर अंधेरी-गुंदवलीकडून येणाऱ्यांना मेट्रोचे ‘राष्ट्रीय उद्यान’ स्थानक थेट पश्चिम द्रुतगती महामार्गालगत उतरवते. राणीची बाग बुधवारी आणि राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते, त्यामुळे सलग सुट्ट्यांत बेत आखताना हे दोन वार लक्षात ठेवावेत. कान्हेरीला गेल्यास लेण्यांवरून खाली येणारी शेवटची बस किती वाजता सुटते, ते वर पोहोचताच चालकाला विचारून ठेवावे.