खाली घेतलेल्या गाडीची अलाइनमेंट: एका वर्कशॉपच्या कामाविषयी

कमी उंचीच्या स्प्रिंगा बसवून गाडी ३० मिलिमीटर खाली घेतल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन ठरलेल्या मापात आणण्याचे काम, करून घेणे भागच होते. पण ज्या वर्कशॉपकडे हे काम सोपवले त्यांनी गाडी थेट यंत्रावर चढवली नाही, आणि या सेवेविषयी सविस्तर लिहावेसे वाटण्याचे कारण तेच आहे. आधी चारही टायरमधली हवा नेमून दिल्याप्रमाणे भरली गेली, मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजले गेले. पुढची उजवी बाजू डावीपेक्षा चार मिलिमीटर वर भरली, म्हणून चाक उतरवून पाहिले, तर स्प्रिंगचे खालचे टोक ती जिच्यावर टेकते त्या बशीतल्या खाचेत न बसता तिच्या काठावर चढलेले आढळले. हे तसेच ठेवून अलाइनमेंट केली असती, तरी स्क्रीनवरचे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत, दिसलेच असते.

त्यानंतर बुशची, म्हणजे सांध्यातल्या रबरी गादीची, पाळी आली. लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशमधील रबर आतल्या धातूच्या नळीला चिकटलेले असते. बोल्ट आवळला की ती नळी जागीच पकडली जाते आणि आर्म वर-खाली होताना रबर पीळ घेते. जुन्या उंचीवर आवळलेला, किंवा चाके हवेत लोंबकळत असताना आवळलेला बोल्ट तसाच राहिला, तर गाडी नुसती उभी असतानाही रबर पिळलेलेच राहते, लवकर फाटते आणि गाडीला ठरलेल्या उंचीवर नीट बसूही देत नाही. इथल्या मेकॅनिकने चाकांवर पूर्ण भार असताना बोल्ट सैल केले, गाडी पुढून-मागून दाबून हलवली आणि मगच टॉर्क रेंचने (नेमक्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) ते पुन्हा आवळले. बिलात ज्याची वेगळी ओळसुद्धा नसते असे हे काम आहे, आणि माझ्या मते संपूर्ण सेवेत मोलाचे तेच.

यंत्रावरच्या पहिल्या मोजणीत पुढचा डावा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल; उणे म्हणजे वरची बाजू आत) उणे १ अंश ४० मिनिटे (६० मिनिटे म्हणजे एक अंश) आणि उजवा उणे १ अंश ५ मिनिटे निघाला. टोमध्ये, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळण्याच्या कोनात, दोन्ही चाकांची तोंडे बाहेरच्या बाजूला वळलेली होती. गाडी खाली आली की आर्म आणि टाय रॉड (स्टिअरिंगला जोडलेला, चाक वळवणारा दांडा) या दोहोंचे कोन बदलतात, पण दोघांची लांबी आणि सांधे वेगळे असल्यामुळे टो जागेवर राहत नाही. टायर आतून झिजला की सगळा दोष कॅम्बरच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात टायर अधिक वेगाने खातो तो बिघडलेला टो, आणि जास्तीचा उणे कॅम्बर ती झीज आतल्या कडेवर आणून ठेवतो. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेल्या उभ्या खांबाच्या) खालच्या टोकाला एक्सेंट्रिक बोल्ट, म्हणजे फिरवला की चाकाचा कल बदलणारा बोल्ट, घालून दोन्ही बाजूंचा कॅम्बर उणे १ अंश १० मिनिटांच्या आसपास आणला गेला. कॅम्बर हलवला की टोही हलतो, त्यामुळे टाय रॉडला हात सर्वांत शेवटी आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवूनच लावला गेला. रस्त्यावर स्टिअरिंगचा आडवा दांडा खरोखर आडवा राहतो आणि सपाट रस्त्यावर हात सैल सोडला तरी गाडी कोणत्याच बाजूला ओढत नाही.

मागच्या बाजूला टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा तुळईसारखा भाग, असल्याने तिथे फिरवण्याजोगा बोल्टच नसतो. फरक मर्यादेबाहेर असता तर हबमागे (चाक ज्यावर बसते त्या भागामागे) शिम, म्हणजे पातळ चकती, घालता आली असती, मात्र सध्या तिची गरज नाही, असे त्यांनी आकडे दाखवून स्पष्ट सांगितले आणि मागच्या ‘ॲडजस्टमेंट’चे पैसे लावले नाहीत.

तक्रारी दोन आहेत. स्प्रिंगा बदलताना पुढचा आणि मागचा उतार किंचित बदलल्यामुळे हेडलाइटचा झोत सरकलेला होता, आणि तो तपासण्याची आठवण मला करून द्यावी लागली. उंची बदललेल्या गाडीत हे त्यांच्या यादीतच असायला हवे. दुसरे म्हणजे, छापील अहवालात सगळे कोन आहेत, पण सुरुवातीला इतक्या काळजीने मोजलेली चार चाकांची उंची नाही. नव्या स्प्रिंगा काही आठवडे चालवल्यावर आणखी थोड्या बसतात आणि तेव्हा टो पुन्हा पाहावा लागतो, म्हणून ते चार आकडे मेकॅनिककडून विचारून घेऊन मी अहवालाच्या मागच्या बाजूला पेनाने लिहून घेतले.