ट्रकवरचा कॉम्प्रेसर: हायड्रॉलिकवर चालणारा की स्वतःचं इंजिन असलेला?

ट्रकवर क्रेन किंवा लिफ्ट असेल, तर पीटीओ (ट्रकच्या इंजिनाची ताकद इतर यंत्रांना देणारा जोड) आणि त्यावर चालणारा हायड्रॉलिक पंप बहुधा आधीच बसवलेला असतो. मग हवेसाठी आणखी एक इंजिन कशाला सांभाळायचं? हायड्रॉलिक कॉम्प्रेसर त्याच पंपाच्या तेलाच्या दाबावर चालतो, ही त्याची खरी जमेची बाजू. इंधनाची वेगळी टाकी नाही, वेगळं इंजिन ऑइल नाही, बॅटरी नाही. युनिट छोटं असल्यामुळे अवजारांना जागा उरते.

पण खरेदीआधी आकडेमोड कराच. तेलाचा प्रवाह (लिटर प्रति मिनिट) गुणिले दाब (बार), भागिले 600, म्हणजे किलोवॅट. 60 लिटर आणि 150 बार असतील तर 15 किलोवॅट. मोटरमधला तोटा वजा जाता 7 बारला साधारण 60 सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) हवा मिळते. इम्पॅक्ट रेंच, टायर, ग्रीस पंप यांना ती भरपूर. मोठा काँक्रीट ब्रेकर मात्र कुरकुरेल. त्यात क्रेन आणि कॉम्प्रेसर एकाच वेळी हवे असतील, तर पंप दोघांना पुरतो का हेही बघा.

दुसरी अडचण उष्णतेची. तेल तापतं, म्हणून कूलर हवाच. तो वगळून स्वस्त पडणाऱ्या सेटच्या वाटेला मी तरी जाणार नाही.

स्वतंत्र इंजिनाचं युनिट जड आणि गोंगाटाचं, पण त्यासाठी ट्रकचं इंजिन तासन्‌तास चालू ठेवावं लागत नाही. ट्रकवर हायड्रॉलिक मुळातच नसेल, किंवा दिवसभर सलग हवा लागणार असेल, तर मी हेच घेईन.