प्रेडनिसोलोन की डायफ्लुप्रेडनेट? प्रश्न बाटली हलवण्याचा

डोळ्याच्या आत, पुढच्या भागात सूज आली (अँटीरिअर युव्हिआयटिस) की चिठ्ठीवर बहुधा दोन स्टेरॉइड थेंबांपैकी एकाचं नाव येतं: प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का किंवा डायफ्लुप्रेडनेट ०.०५ टक्के. फ्लुओरोमेथोलोन हे आणखी एक स्टेरॉइड आत फारसं शिरत नाही, म्हणून ते इथे कमी पडतं. लोटेप्रेडनॉल हे स्टेरॉइडही सौम्य सुजेपुरतंच ठीक.

प्रेडनिसोलोन जुनं, स्वस्त आणि भरवशाचं. कटकट आहे ती बाटलीची. त्यात औषध विरघळलेलं नसतं, नुसते बारीक कण तरंगत असतात. रात्रभर उभी राहिलेली बाटली सकाळी उजेडासमोर धरा, पांढरा थर तळाशी बसलेला दिसेल. न हलवता टाकलेल्या थेंबात औषध कमीच जातं. एकदोन झटके पुरत नाहीत. उलटीसुलटी करत वीसेक वेळा हलवून लगेच थेंब टाकावा लागतो. तीव्र सुजेत हे दर तासाला करायचं! चौथ्या दिवशी हात कंटाळतो, सूज हटत नाही आणि दोष औषधावर जातो. वरचे पातळ थेंब आधी संपले की बाटलीत दाट औषध उरतं. म्हणजे डोस कमी करत आणण्याच्या दिवसांत उलट जास्तच औषध डोळ्यात जातं.

डायफ्लुप्रेडनेट दुधी इमल्शन आहे, म्हणजे पाण्यात एकजीव मिसळलेले तेलाचे बारीक थेंब. हलवायचं नाही, पहिला आणि शेवटचा थेंब सारखाच. चाचण्यांत हे दिवसातून ४ वेळा आणि प्रेडनिसोलोन ८ वेळा दिलं, तरी उतार तोडीस तोड पडला. माझा कल इकडेच आहे.

पण एक अट. याने डोळ्याचं प्रेशर जास्त चढू शकतं, मुलांमध्ये तर विशेष, आणि ते चढलेलं बहुतेकदा जाणवतही नाही. औषध १० दिवसांपुढे चालणार असेल तर प्रेशर मोजून घ्यायलाच हवं. काचबिंदू असेल, पूर्वी स्टेरॉइडने प्रेशर वाढलं असेल किंवा तपासणीला जाणं जमणार नसेल, तर प्रेडनिसोलोनच बरं. डॉक्टरांशी हे मोकळेपणाने बोला.

बाकी पथ्य दोन्हींचं एकच. बाहुली मोठी करणारे ॲट्रोपिन किंवा होमॅट्रोपिनचे थेंब सोबत असतील तर मध्ये ५ मिनिटं जाऊ द्या. डोळा पांढरा झाला म्हणून थेंब एकदम थांबवू नका, सूज उलटते. आणि उरलेली बाटली पुढच्या वेळी डोळा लाल झाला म्हणून आपल्या मनाने उघडू नका: तो हर्पिस विषाणूचा व्रण निघाला तर स्टेरॉइडने तो पसरतो.