रॉडवर चिकटवलेले आकडे

पंचगंगेवर गेली आठ-नऊ वर्षे मी मरळीसाठी रबरी बेडूक टाकून गळ खेळतो आणि त्या कामाला लागणारा हलका रॉड व लहान रील, म्हणजे दोरी गुंडाळायचे यंत्र, मला बऱ्यापैकी कळते. तरीही शिवड्यासारख्या मोठ्या माशासाठी नऊ इंची, शंभर ग्रॅमहून जड ल्यूर, म्हणजे माशाच्या आकाराचे कृत्रिम आमिष, वापरायचे ठरवल्यावर मी एका दुकानदाराच्या शब्दावर विसंबलो आणि १४,५०० रुपये घालवून बसलो. दुकान कोल्हापुरातलेच आहे; तक्रार अजून चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही.

दुकानदाराने आठ फुटी, दोन तुकड्यांचा रॉड आणि ‘६०००’ आकाराचे रील असा जोडसंच समोर ठेवला. मुठीच्या वर ‘ल्यूर ६०–१८० ग्रॅम’ असे छापलेले होते, म्हणजे एवढ्या वजनाचे ल्यूर त्यावरून फेकता येते. रॉड पूर्ण कार्बनचा आहे, रीलला तेरा बेअरिंगे आहेत आणि त्याचा ब्रेक, ज्याला आपण ड्रॅग म्हणतो, वीस किलो ओढ धरतो, असे त्याने सांगितले. “मगर लागली तरी वढून आणतंय बघा,” हे त्याचे वाक्य ऐकून मी हसलो, आणि तिथेच माझी चौकस बुद्धी थांबली. पक्के बिल मागितले तेव्हा त्याने एका चिठ्ठीवर नुसती रक्कम लिहून दिली. पैसे यूपीआयने दिले, एवढाच काय तो शहाणपणा माझ्या हातून घडला.

पुढच्या रविवारी राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला ११० ग्रॅमचे ल्यूर बांधले. मागे नेताना रॉड थेट मुठीपर्यंत वाकला, तेव्हाच खरे तर थांबायला हवे होते. तिसऱ्या फेकीला तो जोडाच्या वर दीड फुटावर कडाडून मोडला आणि ल्यूर दोरीसह नदीत गेले. मोडलेल्या टोकातून पांढरे धागे बाहेर आले होते, म्हणजे तो काचतंतूचा होता. काचतंतूचा रॉड वाईट असतो असे नाही, जड कामासाठी तो मुद्दाम वापरणारेही आहेत. पण मी पैसे कार्बनचे मोजले होते. घरी पुसताना ‘६०–१८०’च्या आकड्याची कड नखाला लागली. ती पारदर्शक चिकटपट्टी होती आणि तिच्याखाली मूळ छपाई होती: १०–३० ग्रॅम.

रीलची परीक्षा नंतर घेतली. सामान तोलायच्या हुकाच्या काट्याला दोरी बांधून, ड्रॅग पूर्ण आवळून ओढले, तर सव्वाचार किलोलाच दोरी सुटू लागली. जाड विणीची ५० पौंडी दोरी साधारण २२ किलोला तुटते आणि ड्रॅग तिच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवतात. म्हणजे या कामाला साडेपाच ते सात किलो खरी ओढ देणारे रील हवे. बेअरिंगांच्या संख्येला मी आता काडीचीही किंमत देत नाही. मोठे ल्यूर ओढताना पाण्याचा विरोध फार होतो, म्हणून रीलच्या मुठीच्या एका फेऱ्यात चकरी पाच-सहा वेळाच फिरवणारे, कमी वेगाचे पण जोरदार रील लागते. मला दिलेले रील नुसते वेगवान होते आणि जड ल्यूर ओढताना त्याचे दाते करकरत होते.

विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी दुकानातच करता आल्या असत्या. जोडाच्या आतल्या टोकाला, जिथे रंग नसतो, तिथे मल्टिमीटर लावला असता तर कार्बन आहे की नाही ते कळले असते, कारण कार्बनमधून वीज वाहते आणि काचतंतूतून वाहत नाही. (याच कारणाने विजेच्या तारांखाली कार्बनचा रॉड उभा धरू नये.) दुसरे म्हणजे काही परदेशी रॉडवर ल्यूरचे वजन औंसात असते आणि एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, निदान चार औंसांपर्यंतचा आकडा नसेल, तर ११० ग्रॅमचे ल्यूर त्यावर टाकण्यात अर्थ नाही. त्याच्याच शेजारी दोरीची ताकद पौंडात लिहिलेली असते आणि तीच ल्यूरचे वजन म्हणून सांगणारेही भेटतात.

परत गेलो तेव्हा “पाण्यात नेलेला माल घेत नाही” आणि “पट्टी तुम्हीच चिकटवली असेल” अशी दोन उत्तरे मिळाली. खरेदीच्या दिवशी रॉडचे फोटो काढले नव्हते, त्यामुळे दुसऱ्या उत्तरावर माझ्याकडे बोलायला काही नव्हते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली, पण दुकानदार तिथे दाद देईना. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे ठरवले आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही आणि फसवणुकीपासून दोन वर्षांच्या आत जावे लागते.

दरम्यान माझा मेहुणा गिऱ्हाईक म्हणून त्याच दुकानात जाऊन आला. भिंतीला तसेच तीन रॉड उभे होते. तिन्हींवर ‘६०–१८०’ होते आणि मधल्या रॉडवरची पट्टी थोडी तिरकी बसली होती. तो फोटो यूपीआयच्या पावतीसह अर्जाला जोडला आहे.